खाणे आणि जेवणे : उघड्यावरील समूहभोजनाच्या इतिहासाविषयी काही विचार

मराठीत 'बेत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एखादे कार्य कसे पार पाडावयाचे याची आखणी म्हणजे बेत. आणि पानात काय वाढावयाचे तोही बेतच. 'रविवारी मळ्यावर जाण्याचा बेत आहे' आणि 'आज पुरणपोळीचा बेत आहे' ही दोन्ही वाक्ये एकाच घरात एकाच दिवशी उच्चारली जातात व कोणाचा घोटाळा होत नाही. मात्र या दोन अर्थांच्या मागे एक तिसरा प्रश्न उभा असतो आणि त्याची नोंद कोशकार करीत नाहीत. बोलवावयाचे कोणाला, आणि बोलावलेल्यांनी कोणाच्या शेजारी बसावयाचे? महाराष्ट्रातील उघड्यावरच्या मोठ्या जेवणांचा इतिहास तपासू लागले असता असे दिसून येते की, हा तिसरा प्रश्नच पहिल्या दोहोंची उत्तरे ठरवीत आला आहे. पदार्थ कोणता निवडावा, तो भाजावा की शिजवावा, पाणी कोणी आणावे, चूल कोठे मांडावी, या गोष्टी वरवर पाहता सोयीच्या वाटतात. त्यांच्यामागे दीर्घ सामाजिक इतिहास आहे.

हा इतिहास पाहण्यास नाशिकचे इंदिरानगर हे सोयीचे ठिकाण आहे. शहराच्या दक्षिण भागात, वडाळा व पाथर्डी या जुन्या गावांच्या शिवारालगत ही वसाहत वाढली. थंडीच्या दिवसांत येथील कुटुंबे, सोसायट्या, भिशीची मंडळे सुटीच्या दिवशी सकाळी निघून कोठल्या तरी शेतावर 'हुरडा पार्टी'साठी जातात. पाथर्डी फाट्याकडून मुंबई-आग्रा रस्त्याला लागले की पांडवलेण्यांचा डोंगर समोर येतो. शिलालेखांत त्याचे नाव त्रिरश्मि. शेकडो लोकांच्या अन्नाची आगाऊ तजवीज कशी करावी, याचा या परिसरातील सर्वांत जुना लेखी पुरावा त्याच डोंगरात कोरलेला आहे, आणि हुरड्याला निघालेल्या गाड्या त्याच्या पायथ्यावरून जातात.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचे लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात. लेखाच्या आरंभीच्या, जवळजवळ संस्कृत म्हणाव्या अशा भागात त्याच्या दानांची यादी आहे: तीन लक्ष गाई, सोळा गावे, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौसोपी विश्रामगृहे, बागा, विहिरी, तळी, नद्यांवर तरी. त्याच यादीत तो दरवर्षी एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घालणारा होता असे म्हटले आहे. लक्ष ही संख्या प्रशस्तीची समजावी. तिच्यावरून पानांचा हिशेब मांडू नये. लक्षात घेण्याजोगे आहे ते क्रियापद. ब्राह्मणांसाठी 'भोजापयित्रा', म्हणजे भोजन घडविणारा, असा प्रयोजक प्रयोग आहे. पुढे लेखाची भाषा प्राकृताकडे झुकते आणि भिक्षूंचा विषय येतो. तेथे शब्द निराळा आहे, 'मुखाहार'. गोवर्धन नगराच्या सीमेवर वायव्येस असलेले एक शेत उषवदाताने वाराहीपुत्र अश्विभूति नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार काहापणांस विकत घेतले आणि लेण्यात राहणाऱ्या 'चातुदिस' भिक्षुसंघाचा मुखाहार त्यातून चालावा अशी व्यवस्था केली.

एकाच दात्याच्या एकाच लेखात येथे दोन प्रकारचे अन्नदान आहे. एकात जेवणारा कोण हे आधीच ठरलेले आहे. दुसऱ्यात तो 'चारी दिशांचा' आहे, म्हणजे कोठूनही आलेला चालतो. अर्थात तो भिक्षू असला पाहिजे. चातुर्दिश संघ ही बौद्धांची पारिभाषिक संज्ञा आहे, तिच्यातून सर्वसमावेशक पंगतीचा अर्थ काढणे हा आधुनिकाचा उतावीळपणा ठरेल. तथापि येणाऱ्याची जात व संख्या ठाऊक नसताना अन्न पुरवावयाचे तर काय करावे लागते, हे उषवदाताला नेमके कळले होते. त्याने धान्य दिले नाही, शेत दिले. वस्त्रांच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. दुसऱ्या एका लेखानुसार तीन हजार काहापण गोवर्धनातील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी. हिशेब काहापणापर्यंत जुळतो. मुद्दलास हात लावावयाचा नाही, हे कलम लेखात स्पष्ट आहे.

आता भाषेकडे वळू. मराठीत अन्न तोंडात घालण्याच्या दोन मुख्य क्रिया आहेत: खाणे आणि जेवणे. 'खाणे' संस्कृत खादति पासून आले. 'जेवणे' हे जेमति, प्राकृत जेमइ, या वळणाने आले. प्रमाण मराठीत मनुष्य भात-भाकरी जेवतो, परंतु पेरू, चणे, चिवडा खातो. हा भेद केवळ प्रमाणाचा नाही. पोट तुडुंब भरेपर्यंत लाह्या खाल्ल्या तरी तो मनुष्य 'जेवला' असे म्हणत नाहीत, आणि दोन घास भात घेऊन उठलेला मनुष्य 'जेवून उठला' असे म्हणतात. जेवणाला पान लागते, पाणी लागते, पंगत लागते, आणि जेवणानंतर उष्टे-खरकटे उरते. खाण्याला यांपैकी काही लागत नाही.

पंगत म्हणजे पंक्ति. आणि पंक्तीविषयी धर्मशास्त्राचा शब्दसंभार मोठा आहे. पंक्ति पावन करणारा तो पंक्तिपावन, पंक्तीस बसण्यास अयोग्य तो अपांक्तेय. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धप्रसंगी कोणाला पंक्तीत घ्यावे व कोणाला वगळावे याच्या लांबलचक याद्या आहेत. 'अपांक्तेय' हा शब्द मराठीत अजून चालतो. वाढण्यात दुजाभाव केला तर 'पंक्तिप्रपंच' केला असे म्हणतात. खाण्याच्या बाबतीत असा एकही शब्द भाषेने घडविलेला नाही. जेथे भाषेला शब्दाची गरज पडली नाही, तेथे समाजाला नियमाचीही फारशी गरज पडली नव्हती, असे अनुमान यावरून करता येते. हा पुरावा नकारात्मक आहे खरा, पण तो पुढील वस्तुस्थितीशी जुळतो.

धान्य पाण्यात शिजले की ते अन्न होते आणि स्पर्शाने विटाळते. तेच धान्य कोरड्या आगीवर भाजले तर विटाळाची तीव्रता पुष्कळ कमी होते, ही समजूत हिंदुस्थानभर कमी-अधिक प्रमाणात आढळते. पराशरस्मृतीत शूद्राच्या घरून आलेल्या शुष्कान्न, गोरस व स्नेह या पदार्थांना, ते ब्राह्मणाच्या घरी सिद्ध केले असता, मोकळीक दिली आहे. व्यवहार याहूनही सैल होता. भडभुंज्याच्या भट्टीवरचे चणे, फुटाणे, कुरमुरे सामान्यतः सर्व जातींची मुले खात. भडभुंज्याची जात विचारून पुडी बांधून घेणारा मनुष्य विरळा. (भडभुंजा, भट्टी, भाजणे ही सर्व भ्रस्ज् या धातूची प्रजा आहे.) वारकऱ्यांचा काला पाहिला तरी त्यात मुख्यतः लाह्या, पोहे व दही, म्हणजे भाजके धान्य आणि गोरस. आषाढी पौर्णिमेस पंढरपूरजवळ गोपाळपुरास काला होतो, त्या वेळी एकाने दुसऱ्याच्या मुखी घास घालावा ही रीत आहे. पंगतीला जे जमले नाही ते काल्याला जमले याचे श्रेय भक्तीला द्यावयाचे तर द्यावे, पण त्यातला काही वाटा लाह्यांनाही द्यावा लागेल.

हुरडा याच वर्गातला. हुरडा जेवत नाहीत, खातात. अर्धपक्व धान्य शेतातच गवताच्या वा गोवऱ्यांच्या आगीत भाजून खाण्याची चाल पुरातन आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात तिच्या दोन प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत. शेंगांतील अर्धपक्व कडधान्य गवताच्या आगीत भाजले म्हणजे तो होलक. जव-गव्हाचे अर्धपक्व कणीस तसेच भाजले म्हणजे ती उंबी. मराठीत दोन्ही शब्द जिवंत आहेत. हरभऱ्याचे घाटे झाडासकट भाजले म्हणजे होळा किंवा हुळा, आणि गव्हाच्या कणसाला उंबी किंवा ओंबी. बाजरीच्या कोवळ्या भाजलेल्या कणसाला निंबूर म्हणतात. नाशिक हा मुळात बाजरीचा जिल्हा, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द अधिक. 'हुरडा' हा शब्द होलकापासून काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा, कारण व्यंजने जुळविण्यासाठी मध्ये जितक्या पायऱ्या कल्पाव्या लागतात तितक्या सिद्ध करता येत नाहीत. 'आगटी'चे तसे नाही. हुरडा भाजण्याच्या खळगीला हा शब्द आहे आणि तो अग्निष्ठ, अग्निष्ठिका या शब्दांच्या कुळातला, हिंदी अंगीठीचा सख्खा आप्त आहे.

होलकाच्या आप्तांमध्ये आणखी एक शब्द आहे, होलाका. वसंतातील या उत्सवाचा उल्लेख जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील विवेचनात येतो आणि तेथे उपस्थित झालेला प्रश्न प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मार्मिक आहे. होलाका पौर्वात्य लोक पाळतात. तेव्हा तिचा अधिकार त्यांनाच, की सर्वांना? मीमांसकांचा निर्णय असा की आचारावरून ज्या विधीचे अनुमान करावयाचे तो सर्वसाधारण असतो, देशविशेषापुरता नसतो. आगीभोवती जमण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न इतक्या प्राचीन काळी शास्त्राच्या ऐरणीवर आलेला होता. उत्तर व्यापक निघाले, पण ते विधीपुरते. शेतातील प्रत्यक्ष वर्तुळ किती मोठे असावे, हे शास्त्राने ठरविले नाही. ते ज्वारीने ठरविले.

कसे ते पाहण्यासारखे आहे. रब्बी ज्वारी निसवली, दाण्यात दूध भरले, की ते दूध घट्ट होऊन चीक होण्याच्या सुमारास पीक 'हुरड्यात येते'. ही अवस्था थोडे दिवस टिकते. आधी दाणा चोळताना फुटतो, नंतर कडक होतो. यजमानाने तिथी ठरवावयाची व कणसाने ती पाळावयाची असे येथे चालत नाही. गोडी व मऊपणा वाणावर अवलंबून; गूळभेंडी, कुचकुची, सुरती ही वाणे हुरड्यासाठीच म्हणून बांधालगत काही ओळी पेरीत, आणि अलीकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' हे वाण त्यासाठी दिले. जमिनीत उथळ आगटी खणून गोवऱ्या पेटवितात. ज्वाळा विझून निखारे व राख उरली की कणसे त्यात खुपसतात. भाजणारा ती फिरवितो, दुसरा गरम कणीस तळहातावर किंवा पोत्यावर चोळतो, तिसरा पाखडतो. दाणे लगेच, वाफ निघत असताना, खावयाचे. थंड झाले की त्यांत राम राहत नाही. म्हणून एका आगटीभोवती बसणारांची संख्या भाजणाऱ्या-चोळणाऱ्यांच्या हातांनी मर्यादित होते. शंभर माणसे बोलवावयाची तर एक मोठी आगटी करून भागत नाही, लहान आगट्या अनेक कराव्या लागतात, आणि प्रत्येकीला जाणता माणूस लागतो. जोडीला गूळ, लसणाची किंवा तिळाची चटणी, दही, रेवड्या. ताटे-वाट्यांचा पसारा नाही, स्वयंपाकाचे पाणी नाही, खरकटे नाही.

या 'नाही'मुळेच हुरड्याच्या आगटीभोवती पाटील, कुलकर्णी, सुतार, शिंपी, गावात आलेला मामलेदाराचा कारकून, असे पंगतीत कधी एकत्र न बसणारे लोक बसू शकत. हे वर्णन करून अनेक ग्रामीण आठवणी येथेच थांबतात व हुरडा म्हणजे समतेचा सोहळा असे भासवितात. तेवढ्यावर थांबणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्तुळ मोठे होते, पण त्याला कड होती. ज्यांनी त्याच शेतात राबावे, रात्री पिकाची राखण करावी, त्या महार-मांगांना आगटीपाशी बसण्याची जागा नव्हती. अस्पृश्याच्या ओंजळीत वस्तू वरून टाकावयाची ही सार्वत्रिक रीत होती आणि भाजके दाणे तिला अपवाद नव्हते. खळ्यावर बलुत्याचा वाटा मिळे, पण तोही हक्क आणि याचना यांच्या सीमेवरचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात सुगीच्या वेळी शेतकऱ्याभोवती जमणाऱ्या मागणारांचे सविस्तर चित्र आहे; ते कुणब्याच्या बाजूने रेखाटलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे. भाजक्या अन्नाने विटाळाचा नियम शिथिल केला, मोडला नाही. किंबहुना अशा पळवाटा असल्यामुळेच मूळ नियम इतका काळ टिकून राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

शिजविलेले अन्न शेतात नेऊन जेवण्याची प्रथाही महाराष्ट्रात आहे आणि तिच्यामुळे वरील विवेचनाला मुरड घालावी लागते. लातूर, धाराशिव, नांदेड व सोलापूर या जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येस गावेच्या गावे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पाच पांडवांची पूजा होते. अंबील, अनेक कोवळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर असा बेत असतो. अन्न रात्री घरी रांधून डोक्यावरून शेतात नेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने बोलवावे हा संकेत आहे, आणि लातूर शहराचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात. हिला 'वेळ अमावास्या' म्हणतात आणि 'वेळ' म्हणजे काळ असे समजून पुष्कळ कथा रचल्या जातात. लोकांच्या तोंडी असलेला 'येळवस' हा उच्चार अधिक प्रामाणिक आहे. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. उत्तर कर्नाटकात हीच अमावास्या 'एळ्ळ अमावास्ये' म्हणून शेतातच साजरी होते. तिळाची पोळी ताटात असताना तिळाचे नाव मात्र मराठीने गमावले. कार्तिकातील आवळीभोजन हे याचे नागर व आटोपशीर रूप. आवळ्याच्या झाडाखाली घरचीच मंडळी जेवतात, म्हणून तेथे तिसरा प्रश्न फारसा उद्भवत नाही. येळवशीला तो उद्भवतो, आणि त्याचे उत्तर बहुधा अंतराने दिले जाई: शेत एक, जागा वेगळ्या.

कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी यांचे थर रचावयाचे, ओवा व मीठ टाकून तोंड पाल्यानेच बंद करावयाचे, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवावयाचा. पाण्याचा थेंब लागत नाही. दक्षिण गुजरातेतील उंबाडियुं याचेच भावंड आहे. पोपटीही भाजकीच, पण मडके बंद असल्याने त्यातील मांसाचा वास शेंगांना लागतो, व म्हणून वर्तुळ निराळ्या रीतीने आखले जाते.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, उघड्यावरच्या समूहभोजनाचा तिसरा प्रश्न प्रथमच अध्याहृत न राहता उघडपणे विचारला गेला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेनेही तो १९२४ मध्ये स्वीकारला होता. परंतु परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. परिषदेच्या व्यवस्थेचा विचार करताना हा आकडा विसरता येत नाही. चवदार तळे गावात असताना पिण्याच्या पाण्याची रक्कम खर्चाच्या बाजूस मांडावी लागते, याचा अर्थ तळे त्या लोकांसाठी नव्हतेच. २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांसह प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. परतण्यापूर्वी काही लोक तेथे जेवत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत तुडविले गेले. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली.

दगड-काठ्यांचा मारा झाला हे सर्वांना माहीत असते. तो जेवणाऱ्यांवर झाला, याकडे इतिहासलेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. तळ्याचे पाणी पिणे हे जितके आव्हान होते तितकेच, गावच्या हद्दीत शिजविलेल्या अन्नाची मोठी पंगत उघड्यावर मांडणे हेही होते. ही माणसे गावाच्या नजरेसमोर जेवत होती, वरून टाकलेले खात नव्हती. त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या तयारीत हा धडा स्पष्ट दिसतो. मंडपासाठी हिंदू जमीनमालक जागा देईनात, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. स्थानिक व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. जागा, धान्य, पाणी, सरपण, स्वयंसेवक: आज ज्याला आयोजन म्हणतात त्याची सर्व कलमे येथे आहेत, आणि प्रत्येक कलम म्हणजे एकेक नकार ओलांडणे होते. चवदार तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकालात निघाला व तळ्यावरचा हक्क मान्य झाला.

याच सुमारास 'सहभोजन' हा शब्द रूढ झाला. नामकरण सहेतुक होते. सहखाणे कोणी काढले नाही. भाजक्या पदार्थांचा फराळ एकत्र करून सुधारणा झाल्याचे समाधान मिळविणे सोपे होते. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले, तेव्हा शिजलेल्या भाताला किती धैर्य लागले असते याची कल्पना यावी. सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये केरळात चेराई येथे घडविलेले मिश्रभोजन, मुंबईतील समाज समता संघाची सहभोजने, रत्नागिरीत १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उघडल्यानंतरची सहभोजने यांच्यामागील विचारसरणी एकमेकींहून फार भिन्न होत्या, पण एका गोष्टीत त्या सारख्या होत्या: पळवाट नको, पंगतच हवी. नाशकात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह देवदर्शनाच्या हक्कासाठी होता व तो पाच वर्षे चालूनही त्या वेळी दार उघडले नाही; १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. पंक्तीचा प्रश्न देवळाच्या दाराशी जाऊन थांबला नाही, तो पंक्तीच बदलण्यापर्यंत गेला.

परभाषांतून आलेल्या शब्दांनी या इतिहासात कोणती भर घातली? 'पिकनिक' हा फ्रेंच पीक-नीक पासून आला, आणि मुळात त्याचा उघड्या हवेशी काही संबंध नव्हता. ज्याने त्याने आपला वाटा आणावयाचा वा द्यावयाचा असे ते भोजन. उघड्यावरचा अर्थ इंग्रजीत नंतर चिकटला. मराठीतील 'अंगतपंगत' मूळ पीक-नीकच्या पुष्कळ जवळची आहे: डबा प्रत्येकाचा, घास सर्वांचा. 'बार्बेक्यू' कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिश 'बार्बाकोआ' या रूपाने युरोपात गेला. मूळ अर्थ काठ्यांची मांडणी, जिच्यावर मांस ठेवून खालून आच देत. आता तो इंदिरानगरच्या गच्च्यांवरही आला आहे. पनीर व कोंबडी एकाच जाळीवर भाजावयाची की निरनिराळ्या, हा वाद तेथे होतो, आणि तो वाद करणाऱ्यांना त्यात भडभुंज्याचा व पोपटीच्या मडक्याचा इतिहास दिसत नाही.

हुरडा पार्टीतील 'पार्टी' हा शब्द मात्र निरुपद्रवी नाही. 'हुरड्याला या' हे निमंत्रण होते व त्याची परतफेड पुढच्या वर्षी किंवा दुसऱ्या कशाने तरी होई. 'हुरडा पार्टी'ला दर असतो. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची संघटित वाढ २००५ च्या सुमारास सुरू झाली, राज्य शासनाने २०२० मध्ये त्यासाठी धोरण आखले, आणि शेतकऱ्याला पिकाखेरीज थोडी रोकड मिळू लागली. याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याने पैसे भरले तो आगटीपाशी बसतो, त्याला जात विचारली जात नाही. महाडच्या चाळीस रुपयांशी हे ताडून पाहिले असता फरक किती मोठा आहे ते कळते. त्या रुपयांनी पाणी मिळाले होते, जागा मिळाली नव्हती.

आखणीतही फरक पडला आहे. पाहुणे रविवारी येणार हे निश्चित, म्हणून कणीस रविवारी हुरड्यात असले पाहिजे. त्यासाठी शेतमालक पेरणीचे टप्पे पाडतो किंवा रब्बी ज्वारीच्या मुलखातून कणसे मागवितो. नाशिकच्या आसपास द्राक्षबागा व भाजीपाला अधिक, त्यामुळे दुसरा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो. हुरड्याच्या दरातच दुपारचे पिठले, भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा येतो. म्हणजे सकाळी खाणे आणि दुपारी जेवण, दोन्ही एका पावतीवर. पंगत मांडवाखाली बसते आणि कोण कोणाशेजारी बसला याकडे कोणाचे लक्ष नसते. कणसे भाजणारी व चोळणारी माणसे सकाळपासून आगट्यांवर असतात. ती रोजंदारीवर आलेली, बहुधा जवळच्याच वस्तीवरची. पाहुण्यांच्या गाड्या इंदिरानगरकडे वळल्यानंतर ती जेवावयास बसतात.